फोटोतला अंगठा

वेबसाईट बनवणं हा माझा धंदा आहे आणि तो मला चांगला येतो, हे आधीच सांगून टाकते. नम्रपणाचं सोंग मला जमत नाही. नागपुरातले दवाखाने, शिकवणी वर्ग, मंगल कार्यालयं अशा कितीतरी साईट माझ्या हातच्या आहेत. फक्त बाबांनी मला त्यांच्या दुकानाच्या जवळपास फिरकू दिलं नव्हतं. दुकानात कोणी माझ्याबद्दल विचारलं तर ते म्हणायचे, "पोरगी कम्प्युटरचं काही तरी करते." त्या 'काही तरी'चा मला मनापासून राग यायचा.

बाबांचं गांधीबागेच्या बाजारपेठेत साड्यांचं ठोक दुकान आहे. पांढरी चादर घातलेली गादी, तिच्यावर मांडी घालून बसलेले बाबा आणि समोर आसपासच्या तालुक्यांतले दुकानदार. गिऱ्हाईक टेकलं की बाबा साडी फेकतात. म्हणजे एका झटक्यात अशी उलगडतात की पदर बरोबर त्याच्या गुडघ्यापाशी येऊन पडतो. मग काठावर अंगठा आडवा ठेवून त्याची रुंदी दाखवतात, मग उलटी बाजू, आणि शेवटी साडी उचलून दारात नेतात, कारण ट्यूबलाईटच्या उजेडातल्या रंगावर त्यांचा विश्वास नाही. साडीत काही खोट असेल तर ती सगळ्यात आधी दाखवतात. हा क्रम मी फ्रॉक घालायची तेव्हापासून पाहत आले आहे.

साईटची वेळ आली ती काटोलच्या काकूंमुळे. काटोलच्या बाजारात त्यांचं साड्यांचं लहानसं दुकान, नवरा गेल्यापासून एकटीनं चालवलेलं. माल भरायला त्या एसटीनं यायच्या आणि सगळा माल आमच्याकडूनच न्यायच्या. गुडघे गेले आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला. बाबांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून पाहिले, पण कुठल्या फोटोचा भाव कुठला, याचाच घोळ होऊन बसला. एक दिवस काकूंचा फोन आला, "भाऊ, आता दुकान बंद करा लागते." बाबा त्या दिवशी डबा न खाताच बसून राहिले.

संध्याकाळी घरी आल्यावर ते मला म्हणाले, "कर बाई तुझी ते साईट. पण काटोलच्या वहिनीनं मले एकही फोन न करता तिच्यावरून माल मागवला पाहिजे. तरच मी मानीन."

मी पेटलेच. महिनाभर खपून मी माझ्या मते झकास साईट केली. काळी पार्श्वभूमी, वर सरकत जाणारी मोठाली चित्रं, बोट लावलं की गोल फिरणारी साडी, आणि उघडल्याबरोबर शहनाई. फोटो काढताना साडी बाबाच धरायचे, त्यामुळे त्यांचा अंगठा मध्येमध्ये यायचा. तरुणपणी कात्री लागून त्या नखाला मधोमध चीर पडली आहे. मी एकेका फोटोतून तो अंगठा पुसून काढला. त्या सफाईचा मला फार अभिमान वाटला होता.

बाबांनी सगळं शांतपणे पाहिलं. "छान आहे," म्हणाले. "कोणाचं दुकान आहे हे?"

मला वाटलं, चिडवताहेत.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला, तो बाबांनाच. त्यांनी तो माझ्या हातात दिला. "पोरी, शहनाई वाजून राहिली, चाक फिरून राहिलं, साडी काही येऊन नाई राहिली," काकू म्हणाल्या. पुढे कसंबसं उघडलं तर म्हणाल्या, "काठ केवढा आहे, समजतच नाई वं. चार बोटांचा बी तेवढाच दिसते अन् दोन बोटांचा बी तेवढाच."

मी फोन ठेवला आणि बाबांवर घसरले, की काकूंचा फोन जुनाट आहे, त्यात माझा काय दोष?

"फोन जुना आहे, गिऱ्हाईक बी जुनं आहे," बाबा म्हणाले. "तू कोणासाठी करून राहिली हे?"

दोन दिवस मी काकूंच्या फोनलाच बोल लावत राहिले. तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं दुकानात जाऊन गादीच्या कोपऱ्यात बसले आणि नुसते त्यांचे हात पाहत राहिले. लाज वाटली. जन्मभर जे डोळ्यांसमोर होतं, ते सोडून मी भलत्याच साईटच्या नकला करत बसले होते.

मग सगळं मोडलं. काळ्याच्या जागी गादीच्या चादरीसारखा पांढरा रंग आला, त्यावर साडीचा रंग आपोआप उठून दिसू लागला. शहनाई गेली, फिरणं गेलं. फोटो इतके हलके केले की खेड्यातल्या नेटवर्कवरही पटकन उघडावेत. प्रत्येक साडीचे फोटो बाबांच्या क्रमानं लावले, रंगाचा फोटो दारात, उन्हात काढलेला. साडी फेकण्याचा चार सेकंदांचा व्हिडिओ ठेवला, आवाजाशिवाय, आणि बोट लावलं तरच चालणारा. भाव मोठ्या अक्षरात, दर वेळी त्याच जागी. खाली एकच बटण, 'हे पाठवा'. आणि काठाच्या प्रत्येक फोटोत बाबांचा अंगठा परत आणला.

माझं एकाच गोष्टीवर अडलं. हिरव्या साड्यांच्या एका गठ्ठ्यात प्रत्येक साडीच्या खोचायच्या टोकाला एक धागा सुटलेला होता. "हा फोटो सगळ्यात वर लाव," बाबा म्हणाले.

"बाबा, कोणी साईटवर आधी खोट दाखवतं का?"

"काहून नाई? गादीवर दाखवतोच न मी." त्यांनी सुटलेल्या धाग्याशेजारी अंगठा ठेवला. "काढ फोटो."

मी काढला. वर लावला. काकूंना साईटचा पत्ता पाठवला आणि देवावर हवाला ठेवला.

पुढचे चार दिवस काकूंचा फोन आला नाही, ऑर्डरही आली नाही. पाचव्या दिवशी दुपारी दुकानात बसले असताना माझा फोन वाजला. काटोलहून ऑर्डर होती. सात साड्या निवडून मागवलेल्या आणि तो हिरवा गठ्ठा अख्खा. खाली निरोपाच्या चौकटीत काकूंनी लिहिलं होतं, 'धागा आत खोचल्या जाते, चिंता नाई. अंगठा ओळखला. पाठवा.'

मी फोन बाबांपुढे धरला. त्यांनी चष्मा लावून वाचलं, मग आपल्या अंगठ्याकडे पाहिलं, आणि हिरवा गठ्ठा स्वतः उठून काढला. मला रडू येत होतं आणि ओरडावंसंही वाटत होतं.

समोर बसलेल्या दुकानदारानं विचारलं, "काय झालं गा भाऊ?"

बाबांनी माझा फोन घेतला, गादीवर त्याच्या गुडघ्यापाशी ठेवला आणि म्हणाले, "हे बी आपलंच दुकान आहे. माह्या पोरीनं लावलं."