पायरीसकट गाडी

बस डेपोतून निवृत्त झालेल्या त्या मेकॅनिकला सगळी गल्ली 'अस्सलकाका' म्हणायची. शेजाऱ्याने साधा नळ बदलला तरी काका वाकून विचारणार, "अस्सल आहे ना?" निवृत्तीनंतर त्यांना जुन्या लष्करी गाड्या पूर्ववत करायचं वेड लागलं.

संग्रहालयाने सोपवलेल्या रुग्णवाहिकेत तर त्यांचा जीवच गुंतला. वर्षभर ते तिच्याखाली पाठीवर पडून होते. कारखान्याचा आराखडा शेडच्या भिंतीवर चिकटवलेला. त्यात नाही ते गाडीवर नाही, असा खाक्या. बाजारात स्क्रू मिळाला नाही तर लेथवर स्वतः करायचे. रंगाचे पापुद्रे ब्लेडने खरवडून त्यांनी तळातली मूळ हिरवी छटा शोधून काढली. ताडपत्रीचं छत काकूंनी शिवलं, तेही दोनदा, कारण पहिल्या खेपेला टाके फार बारीक पडले होते. "कारखान्यात इतकं सुबक शिवत नव्हते गं!" काकूंनी कपाळाला हात लावला, पण उसवलं.

उद्घाटन तोंडावर आलं तेव्हा संग्रहालयाचे अधिकारी गाडी पाहायला आले. खूश झाले, मग जरा घुटमळत म्हणाले, "काका, ही फारच नवीकोरी दिसते. दोन-चार गोळ्यांची भोकं पाडू, थोडा चिखल फवारू. लोकांना युद्ध खरं वाटायला हवं."

"हिला एकही गोळी लागलेली नाही, साहेब. सगळा पत्रा मी हाताने चाचपलाय. न झालेली जखम कशी दाखवू?"

अधिकाऱ्यांना पटलं नाही, पण त्यांनी म्हणणं उडवूनही लावलं नाही. "ज्यांनी ही गाडी तेव्हा पाहिलीय त्यांनाच विचारू," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी एका वृद्ध नर्सबाईंना घेऊन आले. तरुणपणी त्या याच गाडीतून जखमींना आणायच्या.

बाईंनी गाडीभोवती सावकाश फेरी मारली आणि मागच्या दाराशी थबकल्या. "माझी पायरी कुठाय?"

"कसली पायरी?"

"लाकडी. मी ही अशी बुटकी. चढताना धडपडायचे, म्हणून ड्रायव्हरदादांनी खोक्याची फळी कापून इथं बसवली होती."

काकांचा चेहरा उतरला. आराखड्यात नाही म्हणून ती फळी त्यांनीच काढली होती, वर भोकं बुजवून रंगही दिला होता. "चुकलो, बाई," ते म्हणाले.

"अहो, फळी आहे की घरात!" काकू म्हणाल्या. "शिलाई मशीन डुगडुगत होतं, मी त्याच्या पायाखाली सरकवली."

त्या लगबगीने फळी घेऊन आल्या. गोळ्यांची भोकं पाडायला नकार देणाऱ्या काकांनी मग ताज्या रंगावर ड्रिल टेकवलं आणि आपणच बुजवलेली भोकं मोकळी केली. पायरी बसली. त्यांनी आधाराला हात पुढे केला, पण बाईंनी तो बाजूला सारला. फळीवर पाय देऊन त्या आत गेल्या आणि बाकावर बराच वेळ बसून राहिल्या. शेवटी अधिकारीच हळू म्हणाले, "काका, राहू द्या तो चिखल."

रुग्णवाहिका पायरीसकट संग्रहालयात उभी राहिली. शेडमध्ये आता एक जुना ट्रक आलाय. काकांनी त्याला पाना लावायच्या आधी त्याचा ड्रायव्हर शोधून काढला. म्हातारा कानाने अधू, स्वभावाने काकांपेक्षा हट्टी. रोज सकाळी दोघं केबिनमध्ये शेजारी बसतात, आणि हॉर्न नेमका कुठे होता यावरून त्यांचं भांडण गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतं.