पुंजारामभाऊंची चौकट

"ताटांत चार बोटं अंतर नसलं तर जेवायला बसत नाही तुम्ही, आणि माझ्या जित्या भावाला नेऊन मयताच्या चौकटीत बसवलंत!" मैनानं पोळपाट आपटला.

"मयताच्या नाही, शेजारच्या," चिमाजी पुटपुटला, आणि आपलंच बोलणं ऐकून ओशाळला.

चिमाजी शहरात द्वारका चौकाजवळ एका साप्ताहिकाच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. मजकूर कुणीही लावील, कोरी जागा सोडायला अक्कल लागते, असं तो येईल त्याला ऐकवायचा. घरातही तोच कायदा. ट्रंका भिंतीपासून वीतभर लांब, अंथरुणांमध्ये हातभर वाट. मग माणसं कुठे झोपायची, हे त्याची आई भागुबाई दर उन्हाळ्यात विचारायची.

या आठवड्यात मैनाचा भाऊ पुंजाराम घोटीला दूध सोसायटीचा चेअरमन झाला. अभिनंदनाची जाहिरात चिमाजीनं हौसेनं स्वतः लावली. मेव्हण्याचा फोटो मोठा दिसायला हवा, म्हणून शेजारच्या जाहिरातीपासूनची कोरी पट्टी काढली. नजर आधी तिथेच जावी, म्हणून भोवती जाड काळी रेघ दिली. शेजारी कुणा म्हाताऱ्याचं दुःखद निधन, तसल्याच रेघेत. मध्ये फटही नाही. दोन चौकटींची एक झाली. वर ठळक 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली हसरा पुंजाराम. 'अभिनंदन' त्याच्या पायाशी, मुंगीएवढं.

नजर आधी तिथेच गेली. सगळ्या घोटीची.

"ताई, सकाळपासून लोक पिठलं-भाकरी घेऊन येऊ राहिले," घोटीहून आलेला मैनाचा चुलतभाऊ सहादू सांगत होता. "मयताच्या घरी चूल पेटत नाय ना. अन् दार उघडतो कोण? पुंजाभाऊच! एक बाई तर टोपलं टाकून पळाली."

भागुबाई पदराआड हसली. मैनानं पाहिलं तशी खोकली.

"वहिनी लय तापली," सहादूचा आवाज खाली आला. "म्हनती, भाऊबीजेला ताईनं फिरकायचं नाय."

लग्न झाल्यापासून मैनाची एक भाऊबीज चुकली नव्हती.

"आणि दादा?"

"तो म्हनला, दाजीला सांग, पिठलं लय उरलंय."

कोरी जागा सोडणाऱ्या शहाण्यानं कोरी जागाच खाल्ली होती, आणि पोट दुखत होतं बायकोचं. चिमाजीनं खुंटीवरची टोपी घेतली.

"उद्या पहिल्या एसटीनं मी घोटीला जातोय. वाढतील तेवढं पिठलं खाणार, आणि मैनाच्या भाऊबीजेचं पक्कं करूनच येणार. आजपासून ताटं ज्याची त्यानं मांडायची, बोटं मी मोजणार नाही."