जिताड्याचं डोकं आणि पदवीधराचा कोयता

माझ्या पदवीचं सगळं श्रेय द्वारकाआत्याचं, आणि तिच्या नव्या कोयत्याचा सगळा दोष माझा. आत्या धरमतरच्या खाडीकाठी राहते, पेणच्या बाजारात मासळी विकते. त्याच मासळीवर तिने घराण्यातला पहिला पदवीधर घडवला. मी रोह्याच्या एका कंपनीत पोलादाची कठीणता तपासायला लागलो, तेव्हा ठरवलं, आत्याला हाताने घडवलेला कोयता द्यायचा.

रोह्याच्या लोहारकाकांनी विचारलं, "कशाला पायजे?"

"मासळीला. तापवून धारेला पाणी कडक द्या, पोलाद टणक झालं पाहिजे. पातं एकदम पातळ घासा."

"जिताड्याचं डोकं तोडायचं तर धारंमागं जाडी लागंल. आन् पाणी दिल्यावर जरा तापवून मऊ करू. लय कडक पातं काचंवानी फुटतं."

"काका, मी यातच पदवी घेतलीय."

काकांनी मी सांगितलं तसंच पातं घडवलं. (पदवीपुढे सगळे नमतात, पोलाद सोडून.)

कोयता घेऊन मी आत्याकडे पोचलो त्याच दिवशी तिच्या मुलीला, संगीताला, बघायला पाहुणे येणार होते. मुलगा संगीताला आधीच पसंत होता. मुलाच्या मामांचा होकार तेवढा बाकी. आमच्याकडे अशा वेळी जिताडा करतात आणि त्याचं डोकं सगळ्यात मोठ्या पाहुण्याच्या ताटात जातं. बाकीचा मासा आत्याने जुन्या कोयत्याने कापला. डोकं मी नव्या कोयत्याने फोडलं. एका घावात!

पाहुणे ओटीवर टेकले, डोक्याचं कालवण वेगळ्या टोपात रटरटू लागलं, आणि कोयता धुताना आत्या थबकली.

"आरं, धारंचा तुकडा कुठं गेला?"

फळी, पाट, मोरी, सगळं शोधलं. तुकडा नाही. म्हणजे तो टोपातच!

"टाकून दे," मी म्हटलं.

"आन् मामांना काय सांगू? आमचा जिताडा बिनडोक्याचा व्हता?"

"दादा," संगीता हळूच म्हणाली, "माझं लग्न मोडलं तर तुझं डोकं वाढीन."

आत्याने पदर खोचला, टोप उचलला आणि पंगतीत सगळं डोकं माझ्या ताटात वाढलं.

"आमच्यात डोक्याचा मान पदवीधराचा," ती पाहुण्यांना म्हणाली. "पैलाच हाय ना घरातला."

मामांचा चेहरा पडला. मी एकेक कण बोटाने चाचपून खाऊ लागलो. मामा टक लावून बघत होते.

"येवढं सावकाश?"

"शिकलेला हाय," आत्या म्हणाली. "अभ्यास करून खातो."

अभ्यास कमी पडला. कट्ट! मी ताटाच्या कडेला पोलादाचा तुकडा ठेवला आणि शेजारी माझ्या दाढेचा. मग आत्याने सगळं खरं सांगून टाकलं.

मामांनी दोन्ही तुकडे निरखले. "म्हंजे ह्यो घास माझ्या ताटात यायचा व्हता?"

"व्हय."

"पाव्हण्यासाठी पोरगा दाढ मोडून घेतो," मामा म्हणाले, "त्या घरात आणखी काय बघायचं?"

संगीताचं ठरलं.

फोनवर आत्या मला बोलू देत नाही, म्हणून रोह्याला परतल्यावर पत्र लिहिलं:

"तीर्थस्वरूप आत्यास साष्टांग नमस्कार. कोयता लोहारकाकांकडे नेला. त्यांनी आधी पातं पाहिलं, मग माझी दाढ, आणि भाता सुरू केला. नवा कोयता त्यांच्या मनाने होईल; मी दुकानाबाहेर उभा राहीन. दातांच्या डॉक्टरांनी विचारलंय, दाढेवर टोपी कसली बसवू, धातूची की सिरॅमिकची. हा निर्णय माझ्यावर सोडणं बरं दिसत नाही. तू उलट टपाली कळव. तोवर पेज पितोय."