धोतराखालचा सूर

आमच्या अमडापूरच्या घरात दिवा लावला की माझा मेलेला भाऊ वाजायचा. हसू नका, आम्ही कुणी हसत नव्हतो.

मलकापूरहून बदलून गेलेल्या एका रेल्वेसाहेबाचा जुना विजेचा ऑर्गन दादानं आणला होता. सूर पेटीसारखाच, पण भाता मारायची गरज नाही. आत पंखा फिरून हवा भरायची. घरात प्लग कुठला? बल्बच्या होल्डरलाच जोडहोल्डर लावून त्यानं वायर ओढली. बटण एकच. बल्ब लागला की पंखाही फिरे.

एका संध्याकाळी तो वाजवत असताना लाइट गेली. "आली का हाक मार वं मले," असं मला म्हणत ओट्यावर जाऊन बसला. छातीत कळ आली आणि तिथंच गेला. लाइट आली तेव्हा त्याला अंगणात निजवलं होतं, आणि आत ऑर्गन आपसूक वाजू लागला. बायांचं रडणं थांबलं. कुणीतरी धावत जाऊन बटण बंद केलं, ऑर्गनवर पांढरं धोतर टाकलं.

मायनं अन्न सोडलं. तेरवीनंतर दिवेलागणीला तिनं ते बटण दाबलं, तर पुन्हा तोच सूर. "आला माहा लेक," म्हणाली, आणि अर्धी भाकर खाल्ली. मग रोजचंच झालं. ऑर्गनकडे पाठ, भिंतीतल्या देवळीकडे तोंड करून, डोळे मिटून ती सूर ऐकायची, बटण बंद करायची, आणि आम्ही चिमणीच्या उजेडात जेवायचो. माझ्या अंगावर काटा यायचा. रागही यायचा. मेल्यावर तरी गप बस की बाबा!

एका संध्याकाळी तो खरंच गप बसला. मायनं ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशीही सरकवलं.

माय वावरात गेल्यावर मी जीव मुठीत धरून धोतर उचललं. बटण दाबलं. आत हवा घुमत होती, म्हणजे पंखा ठीक. एक पट्टी दाबली, वाजली. शेजारची दाबली, तीही वाजली. मग बिघडलं काय डोंबल? खाली पाहिलं तर विडीच्या बंडलाच्या कागदाची घडी पडलेली, उंदरानं कुरतडलेली. भजनात सूर धरून ठेवायला पेटीवाले पट्टीच्या फटीत अशी घडी खोचतात, म्हणजे पट्टी दबलेलीच राहते. दादानं त्या संध्याकाळी खोचली, ती काढायला परत आलाच नाही. भूत नव्हतंच, याचं मला इतकं रडू आलं!

सुरावरून दादाची पट्टी सापडली, पण घडी पुन्हा बसेना. नवी खोचायला हात धजेना. संध्याकाळी मायनं डोळे मिटले तशी मी हळूच मागून गेले आणि दादाच्या पट्टीवर बोट ठेवलं. माय जेवली.

ऑर्गन मी असा शिकले. आधी ती एकच पट्टी, मग दुपारी माय नसताना तिच्या आजूबाजूच्या. एखादा सूर घोगरा झाला की फळी उघडून सुराच्या पितळी पत्तीतला कचरा तारेच्या आकड्यानं काढायचा, हेही चुकतमाकत जमलं.

एकदा मलकापूरहून येताना एस.टी. रस्त्यात बंद पडली. गल्लीत शिरले तेव्हा दिवे लागले होते. माय आज उपाशी, या विचारानं मी पळत सुटले, आणि आमच्या घरातून सूर आला.

आत माय ऑर्गनपुढे बसली होती, डोळे मिटून, त्याच पट्टीवर बोट ठेवून.

"माय?"

"तुले उशीर झाला," ती म्हणाली. "रोज तू आनतं त्याले. आज म्या आनलं." तिनं बोट उचललं. "हातपाय धू. जेवाले बसू."