कापूस पुरेसा दाबावा

एखादा कागद जितका लांबतो, तितके त्याचे किस्से साठत जातात. आमचा कागद चार पानांचा होता आणि तो लिहायला आख्खा हंगाम गेला. आता मित्र जमले की कोणीतरी म्हणतोच, "प्रमोद, तो कापूस दाबायचा किस्सा सांग ना." मी फारसा बोलणारा नाही, म्हणून एकदाचं लिहूनच काढतो.

सेलूजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी कापसाचा ओलावा मोजतो. मशीन टॉर्चएवढं, पुढे दोन सुया. सुया कापसात खुपसायच्या, आकडा वाचायचा, चिठ्ठीवर लिहायचा. आठ टक्क्यांपर्यंत असला तर गाडी आत, वर गेला की परत. पण प्रत्येक जिनिंग आपापल्या पद्धतीनं मोजायची. म्हणून आसपासच्या जिनिंगवाल्यांनी ठरवलं, सगळ्यांसाठी एकच मानक लिहायचं. अध्यक्ष आमचे मालक, गोविंदशेठ. सल्ला द्यायला सिंदी मेघेहून देशकर सर यायचे, कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेले. मसुदा उतरवायचं काम माझ्याकडे. शाळा नववीत सुटली, पण अक्षर चांगलं राहिलं.

*

पहिल्याच बैठकीत सरांनी विचारलं, "हे मशीन आठ पॉइंट एक दाखवतं, तेव्हा ओलावा खरंच आठ पॉइंट एक असतो का?"

गोविंदशेठ म्हणाले, "सर, ते पॉइंटच्या पुढचाबी आकडा सांगते. नुसतं आठ म्हटलं असतं, त मीबी शंका घेतली असती."

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. हंगाम लांबणार, हे मला तेव्हाच कळलं.

*

दुसऱ्या कलमात मी लिहिलं होतं, 'सुया खुपसण्याआधी कापूस पुरेसा दाबावा.'

"पुरेसा म्हणजे किती?" सरांनी विचारलं.

दाबून दाखवायला चौकीदार रामभाऊंना बोलावलं. त्यांनी कापसाच्या बोरीवर गुडघाच ठेवला आणि आकडा नऊला टेकला. मग शेठनी त्याच बोरीला दोन बोटं लावली, तर आकडा सातवर आला.

"मंग असं लिवा," शेठ म्हणाले, "मध्यम ताकदीच्या माणसानं दाबावा."

"मध्यम म्हणजे कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सर नको नको म्हणत असताना शेठनी सांगितलं आणि मी खाली मान घालून लिहिलं: 'प्रमोद दाबतो तेवढा दाबावा.'

पुढचे पंधरा दिवस मी मानकात होतो. त्यातच मला ताप आला. शेठचा फोन आला, "लवकर बरा होजो बाप्पा. अशक्तपणा राह्यला, त साऱ्या तालुक्याचा ओलावा कमी दिसन."

*

मग शेतातला कापूस घेऊन वच्छलाकाकूंची गाडी आली. मी मोजलं, आठ पॉइंट दोन. नियमाप्रमाणे गाडी परत गेली.

दुसऱ्या दिवशी काकू एकट्याच आल्या. माझ्या टेबलावर त्यांनी दोन चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या. एक माझी, एक पलीकडच्या जिनिंगची. पलीकडची म्हणत होती, सात पॉइंट आठ.

"कापूस तोच. दुपार तीच," काकू म्हणाल्या. "खोटा कोन? तू, का तो?"

"काकू, दोघंबी खरे."

"मंग मले परत काऊन पाठवलं?"

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माठातलं पाणी घेतलं, पेला धुऊन जागेवर ठेवला आणि गेल्या. त्या दिवशी माझा डबा तसाच घरी आला.

*

ती गोष्ट शेठच्या कानावर गेली. पुढच्या बैठकीत त्यांनी नवीन कलम सांगितलं आणि मी माझ्याच हातानं उतरवलं: 'दोन मोजण्यांत फरक आढळल्यास मोजणाऱ्यास कामावरून कमी करावे.'

घरात पगार एकट्या माझाच येतो. 'कमी' या शब्दाशी माझं अक्षर जरा बिघडलं. शेठनी ते पाहिलं. "नीट लिही," म्हणाले, "छापाले जाऊन राह्यला हा कागद."

*

सरांनी माझ्याकडून आठवडाभर एकच बोरी मोजून घेतली. सगळे आकडे त्यांनी वहीत मांडले आणि बैठकीत उभे राहिले.

"मशीन, हात आणि कापूस मिळून आकडा अर्ध्या टक्क्यानं इकडेतिकडे होतो. हे मानकात लिहिलंच पाहिजे. साडेसात ते साडेआठच्या मधे आकडा आला, तर पाच जागी मोजा आणि सरासरी घ्या. एका आकड्यावर कोणाची गाडी परत नको, आणि कोणाची नोकरी जायलाही नको."

"म्हंजे आम्हाले नक्की माहीत नाई, असं स्टँडर्डमधी लिवायचं?" शेठ म्हणाले. "मंग लोक काऊन मानतीन?"

"किती माहीत नाही ते आम्हाला नक्की माहीत आहे, असं लिहायचं."

"हे वाक्य गेटवर उभं राहून तुमीच सांगजा, सर."

सगळे हसले. सर बसले. नंतर स्कूटरला किक मारता मारता मला म्हणाले, "प्रमोद, मी फक्त वही दाखवू शकतो. मोजतोस तू. बोलायला तूच पाहिजेस."

मी त्यांच्या स्कूटरच्या आरशात पाहत उभा राहिलो.

*

शेवटची बैठक. त्या दिवशी मसुदा मंजूर होणार होता, अर्ध्या टक्क्याच्या फरकाचा उल्लेख न करता, आणि मोजणाऱ्याला कमी करायचं कलम जसंच्या तसं. बाकीच्या जिनिंगचे मालक आले होते. शेठ म्हणाले, "मंजुरीच्या आधी एकदा करून दाखवू. प्रमोद, ते बोरी घे. माह्या वावरातला कापूस हाय."

मी बोरी उघडली. कापूस नेहमीसारखा दाबला. सुया खुपसल्या. आकडा मोठ्यानं वाचायचा होता.

"आठ पॉइंट तीन."

एका मालकानं खिडकीबाहेर पाहिलं.

"पुन्हा घे," शेठ म्हणाले.

"आठ पॉइंट एक."

"सुई नीट गेली नसन. पुन्हा घे."

"सात पॉइंट नऊ."

"हां. आता बरोबर आला. लिही."

मी पेन उचललं. मसुदा समोर उघडाच होता. बैठकीत मी तोवर आकड्यांशिवाय काही बोललो नव्हतो.

"शेठ, एक विचारायचं होतं."

"बोल."

"ते 'पुन्हा घे' कितव्या कलमात लिहू?"