दहावा आणि सर्व्हिसिंग

बायांनो, आज सुनेला घेऊन, ट्रक ओढून नेऊन दहिसरच्या शोरूमला गेले. आमच्या मासळीच्या ट्रकचं इंजिन बसलंय आणि वॉरंटी अजून चालू आहे. ट्रक माझ्या मुलाचा. तो गेला, आता सून धंदा बघते.

मॅनेजर म्हणाला, "आजी, एक सर्व्हिसिंग चुकलंय. वॉरंटी नाही मिळणार."

"तारीख बघ रे. त्या दिवशी त्याचा दहावा होता."

"मग नंतर यायचं ना."

"नंतर कोणाला गाडीकडे बघवत नव्हतं."

"नियम आहे, आजी."

"तुझ्या नियमाला आई नाही वाटतं."

सुनेने चावी टेबलावर ठेवली. दुरुस्तीला पैसे नाहीत, ट्रक तिथेच ठेवून आलो. उद्यापासून ती डोक्यावर मासळीची पाटी घेणार.

मला एवढंच सांगा, त्या दिवशी पिंडाला कावळा शिवायची वाट बघायची, की ऑईल बदलायला जायचं?