सोमणबाईंनी तपासलेली ऑफर

सोमणबाई हातात लाल पेन घेतल्याशिवाय छापील कागद वाचत नसत. लग्नपत्रिका असो, सोसायटीची नोटीस असो, चुकीखाली रेघ आणि समासात शेरा ठरलेला. शाळेत त्यांनी मला भूगोल शिकवला होता. निवृत्तीनंतर कसबा पेठेतल्या आमच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, माझ्या समोरच्याच दारात त्या राहत. मी सॉफ्टवेअर कंपनीत लागलो, गाडी घेतली, माझं लग्न झालं. बाईंच्या लेखी मी वर्गातला 'काळे'च राहिलो.

त्यांना शेअरचा नाद होता, पण त्यातही शिस्त होती. सगळं पुणं संगणक कंपन्यांच्या मागे लागलं होतं तेव्हा बाईंनी विदर्भातल्या एका मँगनीज खाणीच्या कंपनीचे शेअर घेऊन ठेवले होते. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "जन्मभर जे शिकवलं त्यात पैसे घालावेत. निदान आपण काय घेतलंय ते तरी कळतं. तुमच्या कंपन्या नकाशात कुठे दाखवायच्या, सांग बरं." खाण मात्र त्यांनी स्वतः कधी पाहिली नव्हती. नकाशावर पट्टी टेकवून वर्षानुवर्षे ती जागा दाखवली होती, तेवढाच परिचय.

त्यांचे यजमान अण्णा. बुधवार पेठेत त्यांचं रेडिओच्या सुट्या भागांचं दुकान होतं. गुडघ्यांनी दगा दिला तसं दुकान गेलं आणि तीन जिने उतरणंही बंद झालं. इमारतीला लिफ्ट नव्हती. माणसांत रमणारा हा गृहस्थ दिवसभर गॅलरीत उभा राहून खालच्यांशी ओरडून गप्पा मारी. खालच्यांना कामं असत. ते मान हलवून पुढे जात. अण्णांच्या भाच्यानं पुण्याबाहेर मांजरी गावात, नव्या इमारतीत लिफ्ट असलेला फ्लॅट बघून ठेवला होता. त्यासाठी पैसे उभे करायचे तर बाईंच्या शेअरना हात लावण्यावाचून मार्ग नव्हता.

नेमकी तेव्हाच ती ऑफर आली. पोलाद बनवणाऱ्या एका बड्या समूहाला ही खाण कंपनी ताब्यात घ्यायची होती आणि भागधारकांचे शेअर तो चालू बाजारभावापेक्षा थोड्या वरच्या भावानं विकत घ्यायला तयार होता. मुदत थोडी होती. मी उत्साहानं कॉम्प्युटरवर तक्ता करून नेला: आजचा भाव, देऊ केलेला भाव, त्यातला फायदा. बाईंनी चष्मा वर करून तो पाहिला.

"काळे, ह्यात जमीन कुठंय?"

"जमीन?"

"खाणीची. खाली माल किती शिल्लक आहे ते तू धरलंच नाहीस. त्यांनीही धरलेलं नाही. बाजारात भाव पडलेला, त्याच्यावर चार रुपये ठेवले की झालं? ज्याला पोलाद करायचंय त्याला मँगनीज लागणारच. तो काही आपल्यावर उपकार करायला आलेला नाही."

मग त्यांनी ते जाडजूड ऑफरपत्र रीतसर तपासलं. नव्या खाणपट्ट्याचा उल्लेख कंपनीच्या वार्षिक अहवालात होता, ऑफरच्या किमतीत नव्हता. तिथे 'कारण द्या' असा शेरा पडला. साठ्याच्या परिच्छेदाला 'उत्तर अपूर्ण'. शेवटी त्यांनी ऑफरला शंभरपैकी तेहेतीस गुण दिले आणि खाली सही केली. पस्तीसला पास. भाचा कपाळाला हात लावून म्हणाला, "मामी, तो काय परीक्षेला बसलाय का? भाव बरा आहे, घ्या आणि मोकळ्या व्हा." बाई म्हणाल्या, "बरा आहे म्हणून गुण देत सुटले असते तर तूही पहिला आला असतास."

अण्णा ह्यात एक अक्षर बोलले नाहीत. मला त्यांचा रागच आला. एकदा तरी 'विक' म्हणायला काय हरकत होती? पण बाईंच्या हिशेबात त्यांनी कधी तोंड घातलं नव्हतं आणि आता स्वतःसाठी घालणं त्यांना जमणारं नव्हतं.

मुदत संपायच्या सुमारास सकाळी मी कामाला निघालो, तर बाईंचं दार उघडं होतं. अण्णा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, पायांत बूट चढवून गॅलरीत उभे होते. मी विचारलं, "अण्णा, कुठे निघालात?" ते ओशाळले. "कुठे नाही रे. बूट कडक होतात नुसते ठेवून." बाई आत भाजी चिरत होत्या. त्यांना ते ऐकू गेलं. विळी आडवी करून त्या उठल्या, हात पुसले आणि मला म्हणाल्या, "थांब जरा. ब्रोकरकडे जायचंय, गाडीवरून सोड मला."

वाटेत मी म्हटलं, "बाई, पण किंमत कमी आहे म्हणालात ना?"

"कमीच आहे. आजही कमी आहे. तू गाडी नीट चालव."

ते दोघं मांजरीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. पुढे पोलादाला तेजी आली आणि त्या शेअरचा भाव असा चढला की मी पेपर उघडताना बाईंच्या वतीनं हळहळत असे. त्यांच्याकडे जाणं मात्र होत नव्हतं. गेलो ते अण्णा गेल्याचं कळल्यावर.

बाई एकट्याच बसल्या होत्या. काय बोलावं ते सुचेना, आणि न सुचलेला माणूस बोलतो तसं मी नको तेच बोललो. "बाई, ते शेअर ठेवले असते तर आज..."

"माहीत आहे मला. रोज बघते मी भाव," त्या म्हणाल्या. "जायच्या आदल्या दिवशी लिफ्टनं एकटे खाली गेले. फाटकापाशी कुणाशी तरी तासभर गप्पा मारल्या आणि येताना कोथिंबीर घेऊन आले. जून होती. मी बोलले त्यांना त्यावरून."

"काय म्हणाले अण्णा?"

"हसले. म्हणाले, उद्या दुसऱ्याकडून आणतो."